सुई टोचली, मेंदू उजळला. मग दुखणं गेलं का?

पत्र

ताई, माझं काम भाषांतराचं, म्हणजे दिवसभर कीबोर्ड. गेले काही महिने उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री बधिर होतात. झोपेतून उठून हात झटकला की जरा बरं वाटतं. डॉक्टरांनी नर्व्ह कंडक्शन टेस्ट (मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी) करायला लावली, कार्पल टनेल, म्हणजे मनगटात मज्जातंतू दाबला गेल्याचं सांगितलं आणि रात्री मनगटाला बांधायला पट्टा दिला. मैत्रिणीच्या आग्रहावरून मी ॲक्युपंक्चर करणाऱ्या एका बाईंनाही भेटून आले. त्यांनी मला मेंदूची रंगीत चित्रं दाखवली. पायाच्या करंगळीवर डोळ्यांसाठीचा बिंदू असतो, तिथे सुई टोचली की मेंदूतला दृष्टीचा भाग उजळतो, असं एका चित्रात होतं. 'आता तर विज्ञानानंच सिद्ध केलंय,' असं त्या म्हणाल्या. उपचारांच्या आधी आणि नंतर माझ्याही मेंदूचा स्कॅन करून घ्यावा, म्हणजे फरक डोळ्यांनी दिसेल, असंही त्यांनी सुचवलं. घरी दादाला हे सांगितलं तर तो हसत सुटला. त्याच्या मते सगळं थोतांड, आणि त्या स्कॅनमध्ये मेलेला मासासुद्धा विचार करताना दिसतो म्हणे! चित्रावर विश्वास ठेवू की दादावर?
– बधिर बोटांची

उत्तर

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. सुया टोचून बघायच्या असतील तर खुशाल बघा, पण रात्रीचा पट्टा सोडू नका. मेंदूचा स्कॅन मात्र करून घेऊ नका. त्यातून तुमच्या हाताबद्दल उपयोगाचं काहीही कळणार नाही. आणि दादाला सांगा, तुझा मासा खरा आहे, पण तू त्याची अर्धीच गोष्ट ऐकलीस.

आता ते करंगळीचं चित्र. तुम्ही केलेल्या वर्णनावरून ते कुठून आलं असावं याचा मला चांगलाच अंदाज आहे. १९९८ साली झांग-ही चो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'प्रोसीडिंग्ज ऑफ द नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेस' या मातब्बर नियतकालिकात एक निबंध छापला. चो म्हणजे कुणी सोमेगोमे नव्हेत. पेट स्कॅनरच्या, म्हणजे अल्पसा किरणोत्सर्गी पदार्थ टोचून शरीरात तो कुठे जातो हे टिपणाऱ्या यंत्राच्या, जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा आहे. करंगळीच्या बाहेरच्या कडेला, नखाजवळ एक बिंदू मानला जातो आणि परंपरेने तो डोळ्यांच्या तक्रारींसाठी वापरतात. तिथे सुई फिरवली की डोक्याच्या मागच्या बाजूचा, दृष्टी सांभाळणारा भाग कामाला लागतो, जणू डोळ्यांपुढे प्रकाश चमकवला आहे. आणि थोडं बाजूला टोचलं तर तसं होत नाही, असा त्यांचा दावा होता. दावा इतका देखणा होता की वर्तमानपत्रांपासून दवाखान्यांच्या भिंतींपर्यंत सगळीकडे पोचला.

२००६ मध्ये तोच निबंध त्याच्या लेखकांनी मागे घेतला. मधल्या काळात त्यांनी स्वतःच पुढचे प्रयोग केले होते. निदान वेदनेच्या बाबतीत तरी अमुकच बिंदूवर टोचल्याने अमुकच परिणाम होतो असं काही दिसत नाही, या निष्कर्षाला ते आले होते आणि तसं त्यांनी जाहीरपणे छापलं. हे करायला हिंमत लागते, आणि त्याबद्दल मला त्या मंडळींविषयी आदरच आहे. पण निबंध मागे घेतला तरी चित्र कोण मागे घेणार? ते आजही फिरतंय, आणि तुमच्या बाईंसारख्या भल्या माणसांच्या हातून फिरतंय. त्यांनी तुम्हाला फसवलं असं मी म्हणत नाही. त्यांना बहुधा ही पुढची गोष्ट कुणी सांगितलीच नसेल.

चित्र मुळात कसं तयार होतं हे कळलं की पुढचं बरंचसं आपोआप सुटतं. अशी चित्रं बहुधा एफएमआरआय नावाच्या चुंबकीय स्कॅनरवर काढतात. हे स्कॅनर विचार बघत नाहीत, मज्जापेशींची वीजही बघत नाहीत. ते रक्त बघतात. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ताजं, प्राणवायूने भरलेलं रक्त धावतं. आणि रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण बदललं की त्याचे चुंबकीय गुणही किंचित बदलतात. सेइजी ओगावा यांनी १९९० साली हा धागा पकडला आणि त्यावर सगळी शाखा उभी राहिली. मात्र रक्ताची ही लाट माथ्यावर यायला पाच-सहा सेकंद लागतात, फरक असतो जेमतेम एखाद-दोन टक्क्यांचा, आणि चित्रातल्या एका बारक्याशा ठिपक्यात लाखो पेशी येतात. इमारतीच्या पाण्याच्या मीटरवरून कुठल्या घरात काय चाललंय हे ओळखावं, त्यातला हा प्रकार. वापर वाढला एवढं नक्की कळतं. आंघोळ चाललीय की फरशी धुताहेत, हे मीटर सांगत नाही.

आणि ते लाल-पिवळे डाग? ते स्कॅनरने 'पाहिलेले' नसतात. सुई फिरत असतानाची मोजणी घ्यायची, सुई स्वस्थ असतानाची घ्यायची, एकीतून दुसरी वजा करायची, आणि जिथे फरक योगायोगाने पडणं अवघड वाटतं तिथे संगणकाने रंग भरायचा. म्हणजे तो रंग वजाबाकीच्या उत्तराचा असतो. म्हणून असं चित्र कुणी समोर धरलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: कशातून काय वजा केलं? सुई टोचली विरुद्ध काहीच केलं नाही, एवढीच तुलना असेल तर मेंदू उजळणारच. डास चावला तरी उजळेल. कातडीला स्पर्श झाला, थोडं दुखलं, लक्ष तिकडे गेलं, आता पुढे काय म्हणून मनात धाकधूक झाली, या सगळ्याची नोंद त्यात येते. तुमच्या बाईंना एवढंच विचारून बघा. ज्यांना याचं उत्तर देता येतं त्यांच्याशी पुढचं बोलणं करण्यात अर्थ आहे.

खरी कसोटी लागते ती खोट्या सुईसमोर. या खोट्या सुईची करामत बघण्यासारखी आहे. १९९८ मध्येच श्ट्राइटबर्गर आणि क्लाइनहेन्झ या दोघांनी बोथट टोकाची अशी सुई तयार केली की दाबली की ती कातडीत न शिरता स्वतःच्याच मुठीत सरकते. कातडीवर टोचल्यासारखं वाटतं, सुई आखूड झालेली दिसते, म्हणजे आत गेली असं पेशंट समजतो. २००५ मध्ये पारियांत आणि सहकाऱ्यांनी अंगठ्याच्या सांध्याची झीज झालेल्या १४ जणांवर हा प्रयोग पेट स्कॅन वापरून केला. प्रत्येकाला एकदा खरी सुई, एकदा ही सरकती सुई, आणि एकदा उघडउघड बोथट सुई, 'हिने काही होणार नाही' असं आधीच सांगून. गंमत अशी की खऱ्या सुईनं आणि सरकत्या सुईनं मेंदूतले अपेक्षेशी, 'आता बरं वाटेल' या भावनेशी जोडलेले भाग जागे केले. उघड बोथट सुईनं ते केले नाहीत. पण इन्सुला नावाचा एक भाग, जो शरीराच्या आतल्या जाणिवांची दखल घेतो, तो सरकत्या सुईपेक्षा खऱ्या सुईनं जास्त जागा झाला. म्हणजे आशेचा वाटा मोठा, आणि आशेपलीकडेही काहीतरी थोडं उरतं. या विषयातल्या चांगल्या अभ्यासांची उत्तरं बरेचदा अशीच येतात, म्हणून दोन्ही बाजूंच्या भक्तांना ती आवडत नाहीत.

आणखी एक. सुईनं मेंदू 'उजळतो' हा शब्दप्रयोगच अनेकदा चुकतो. कॅथलीन हुई आणि त्यांच्या गटाने २००० साली १३ निरोगी माणसांच्या हातावर, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात, सुई टोचून पाहिलं. त्यातल्या ११ जणांना ती ओळखीची जडशीळ, बोथट जाणीव झाली, जी झाली म्हणजे सुई लागू पडली असं ॲक्युपंक्चरवाले मानतात. त्यांच्या मेंदूत भीती, आठवण, भावना यांच्याशी निगडित खोल भागांतला सिग्नल चक्क उतरला. उरलेल्या दोघांना त्याऐवजी सरळ दुखलं, आणि त्यांच्यात तो चढला. सुई तीच, जागा तीच. फरक पडला तो माणसाला काय जाणवलं यानं. दोन माणसांवरून कुणी सिद्धांत मांडू नये, पण टोचून घेताना दात-ओठ आवळून सहन करायचं नसतं, दुखलं तर लगेच सांगायचं असतं, एवढा बोध तुम्ही घ्यायला हरकत नाही.

आता तुमच्या मनगटाकडे येते, कारण योगायोगाने तुमच्याच दुखण्यावर या क्षेत्रातला एक नीट आखलेला अभ्यास झालेला आहे, आणि तुमच्या बाईंनी दाखवायचा तर तो दाखवायला हवा होता.

आपल्या मेंदूत, साधारण कानाच्या वरच्या अंगाला, हाताचा एक नकाशा असतो. प्रत्येक बोटाची त्यात आपली जागा. तर्जनीला हात लावला की एक ठिकाण जागं होतं, मधल्या बोटाला लावला की शेजारचं, पण वेगळं. कार्पल टनेलमध्ये मनगटातल्या अरुंद बोगद्यात हाताकडे जाणारी मीडियन नर्व्ह (एक मज्जातंतू) दाबली जाते, आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना एकदमच, दिवसरात्र मुंग्या येत राहतात. दोन्ही बोटांकडून सतत एकच गलका येत असेल तर मेंदू तरी त्यांना किती दिवस वेगळं धरणार? नकाशातल्या त्यांच्या जागा एकमेकींच्या जवळ सरकतात, सीमा पुसट होते. शर्टाचं बटण लावताना नेमकं कुठलं बोट कुठे आहे हे कळेनासं होतं ना, त्यात या पुसटपणाचाही हात असू शकतो.

युमी माएदा, विटाली नापादो आणि त्यांच्या गटाने कार्पल टनेलचे ८० पेशंट घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले. एका गटाला दुखऱ्या मनगटाजवळच खरी सुई, वर सौम्य वीजप्रवाह. दुसऱ्याला खरी सुई, पण विरुद्ध बाजूच्या पायाच्या घोट्याजवळ. तिसऱ्याला कातडीत न शिरणारी खोटी सुई. ८ आठवड्यांत १६ बैठका. निकाल २०१७ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात आला. बधिरपणा आणि मुंग्यांचा त्रास तिन्ही गटांत कमी झाला, खोट्या सुईवाल्यांचासुद्धा! नुसतं 'कसं वाटतंय' एवढंच विचारलं असतं तर विषय तिथेच संपला असता. पण त्यांनी मनगटातून मज्जेचा संदेश किती वेगाने जातो हेही मोजलं आणि मेंदूतला बोटांचा नकाशाही पाहिला. या दोन्हींत खऱ्या सुईचे गट खोट्या सुईच्या पुढे निघाले. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या जागा पुन्हा एकमेकींपासून लांब सरकल्या. आणि ज्यांच्यात त्या जास्त सरकल्या, त्यांचा आराम तीन महिन्यांनंतरही जास्त टिकून होता.

मला हा अभ्यास आवडतो, कारण इथे मेंदूच्या चित्राला खरंच काम दिलेलं आहे. तीन महिन्यांनी कोणाचं बरं राहील याचा अंदाज त्यातून लागला. तरीही पाय जमिनीवर ठेवा: ८० माणसं तीन गटांत वाटली की हाती फार उरत नाहीत.

आता दादाचा मासा. २००९ साली क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अख्खा सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, मेलेला. त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि फोटोतल्या माणसाच्या मनात काय चाललं असेल असं रीतसर विचारलं. माहितीवर नेहमीची आकडेमोड केली, तर माशाच्या मेंदूत काही ठिपके लाल झाले. २०१२ मध्ये या प्रयोगाला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. दादाने इथपर्यंत ऐकलं आणि तो हसला. पुढचं असं की एका स्कॅनमध्ये हजारो ठिपके असतात आणि प्रत्येकाची वेगळी परीक्षा घेतली तर काही निव्वळ योगायोगाने पास होणारच. त्यासाठीची ठरलेली दुरुस्ती केली की मासा पुन्हा निमूट मेलेला दिसतो. बेनेट यांचा रोख ही दुरुस्ती टाळणाऱ्यांवर होता, यंत्रावर नव्हे.

दादाच्या बाजूने बोलायचं तर आणखी दारूगोळा आहे. २०२० मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका प्रयोगात एकाच स्कॅनची तीच ती माहिती ७० गटांना दिली आणि तेच ९ प्रश्न विचारले. प्रत्येक गटाने आकडेमोड आपापल्या पद्धतीने केली आणि काही प्रश्नांवर उत्तरं चांगलीच फाकली. ॲक्युपंक्चरच्या अभ्यासांत तर वर आणखी भानगडी असतात. कुणी सुई नुसती ठेवतं, कुणी फिरवतं, कुणी वीज सोडतं. सुई काढल्यावरही परिणाम रेंगाळतो, त्यामुळे 'सुई स्वस्थ असतानाची' मोजणी खरंच स्वस्थ असते का, हा प्रश्न राहतोच. दहा-पंधरा माणसांवरचे अभ्यास तर पोत्याने आहेत.

पण 'सगळा मनाचा खेळ' असं म्हणून तो जिथे गप्प होतो, तिथे त्याचंही चुकतं. मनाचा खेळ शरीरातच होतो. १९७८ मध्ये लेव्हाइन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या लोकांवर दाखवलं की खोट्या औषधाने मिळणारा आराम नॅलॉक्सोनने, म्हणजे अफूवर्गीय औषधांचा उतारा देऊन, रोखता येतो. शरीर स्वतःचं वेदनाशामक सोडत होतं म्हणूनच ना? आणि २००९ मध्ये रिचर्ड हॅरिस यांच्या गटाने अंगभर दुखण्याच्या, फायब्रोमायाल्जियाच्या २० स्त्रियांवर पेट स्कॅनने पाहिलं, तेव्हा खऱ्या आणि खोट्या सुईने दुखणं सारखंच कमी झालं होतं, पण मेंदूतल्या वेदनाशामक रसायनं पकडणाऱ्या रिसेप्टरांची पकड वाढली ती खऱ्या सुईच्याच गटात. आराम सारखा, वाट वेगळी. दादाला हे वाचून दाखवा. तो वाद घालेल, पण जरा बरा वाद घालेल.

मग तुमचा स्वतःचा आधी-नंतरचा स्कॅन का नको? कारण मी वर सांगितलेलं जवळजवळ सगळं गटाच्या सरासरीचं आहे. एकट्या माणसाचा एफएमआरआय आज वेगळा, पुढच्या महिन्यात वेगळा येतो. झोप कमी झाली, डोकं जरासं हललं, पहिल्या खेपेला यंत्राच्या खडखडाटाची भीती वाटली आणि दुसऱ्या खेपेला सरावलात, एवढं पुरे आहे. ठरावीक काम करायला लावून घेतलेल्या अशा स्कॅनचा एकाच माणसात किती मेळ बसतो हे २०२० मध्ये बऱ्याच अभ्यासांची मोट बांधून पाहिलं, तर तो सरासरी ०.४ च्या आसपास निघाला. १ म्हणजे पूर्ण मेळ. म्हणून तुमच्या दोन स्कॅनमध्ये फरक दिसेलच, सुया टोचल्या नाहीत तरी दिसेल. तो सुयांचा आहे असं सांगणारं कुणी भेटलं तर समजून जा. एखाद्या संशोधनात स्वयंसेवक म्हणून बोलावलं, नीट संमतिपत्र दिलं, त्यासाठी पैसे मागितले नाहीत, तर जरूर जा. तिथे तुमचा स्कॅन सरासरीत मिसळेल आणि कामाला येईल.

तुमच्या उपयोगाचं मोजमाप घरीच आहे. एक वही घ्या आणि रोज सकाळी लिहा: रात्री किती वेळा उठून हात झटकावा लागला, कुठलं बोट, बटण लावताना किंवा किल्ली फिरवताना अडखळलात का. आधी दोन-तीन आठवडे फक्त पट्ट्याची नोंद ठेवा, मग सुया सुरू करा. नाहीतर पट्ट्याचं श्रेय सुयांच्या खात्यावर जमा होईल. सुयांच्या बैठका संपल्यावर नर्व्ह कंडक्शन टेस्ट पुन्हा करायची का, ते डॉक्टरांना विचारा. तुमच्याबाबतीत त्या एका आकड्याला कुठल्याही रंगीत डागापेक्षा जास्त किंमत आहे.

आशा किती ठेवायची याचाही अंदाज देते. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ पेशंटांवर झालेल्या मोठ्या चाचणीत (२००७) सहा महिन्यांनी खऱ्या सुईने ४७.६ टक्क्यांना, खोट्या सुईने ४४.२ टक्क्यांना आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना फरक पडला. कंबर म्हणजे मनगट नव्हे, हे मान्य. पण दुखण्यांवरच्या चाचण्यांचं चित्र साधारण असंच आहे: काहीच न करण्यापेक्षा बरं, खोट्या सुईपेक्षा थोडंसंच बरं. कंबरदुखीवाल्याला या दोन आकड्यांतल्या वादाशी कर्तव्य नसतं, तुम्हालाही नसावं. पण 'तुमचा बिंदू मलाच माहीत आहे' म्हणून कुणी जास्त मागत असेल तर हे आकडे आठवा.

बाईंकडे जाल तेव्हा सुया तुमच्या डोळ्यांसमोर पाकिटातून काढलेल्या, एकदाच वापरायच्या असाव्यात. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा गरोदर असाल तर आधी सांगा. पेसमेकर असेल तर वीज जोडलेल्या सुया नकोत. मनगटाच्या दुखण्यासाठी छातीवर किंवा खांद्याच्या वर सुया घालायचं कारण नाही. तिथे खोल गेलेली सुई क्वचित फुप्फुसाला इजा करते.

एका गोष्टीत मात्र वाट बघू नका. बधिरपणा येऊन-जाऊन न राहता दिवसभर टिकायला लागला, हातातून वस्तू निसटू लागल्या, किंवा दोन्ही तळवे शेजारी धरल्यावर उजव्या अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग डाव्यापेक्षा बसका दिसला, तर उरलेल्या बैठका रद्द करा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. नर्व्ह फार दिवस दाबली गेली तर नंतर ऑपरेशन करूनही सगळी ताकद परत येतेच असं नाही.